ऐकून लिहिलेली पाने

कडुनिंबाचा पाला वाळून चुरा झाला की त्याचा कडूपणा निघून जातो आणि मागे एक सौम्य, धुळकट, किंचित गोडसर गंध उरतो. जुन्या कागदांना कसर लागू नये म्हणून आमच्या कचेरीत तो पाला गठ्ठ्यांमध्ये घालीत. त्या गठ्ठ्यांना रुमाल म्हणत, कारण ते तांबड्या खारव्याच्या चौकोनी कापडात बांधलेले असत. रुमालाची गाठ सुटली की आधी हा गंध येई. मग कागदाच्या घड्यांतून वाळूचे बारीक कण टेबलावर ओघळत. कुणा लेखकाने ओली शाई टिपण्यासाठी शिंपडलेली ती वाळू, लिहिणारा जाऊन कित्येक वर्षे लोटली तरी घडीत तशीच राहिलेली असे. काका ती तळहाताने गोळा करून खिडकीबाहेर टाकीत, चष्मा पुसत, आणि वाचायला लागत.

काका म्हणजे आमच्या दप्तरखान्याचे जुने कारकून. माझे नात्याने कुणी नव्हेत. संस्थानच्या जुन्या राजधानीतल्या लश्कर भागात आमची कचेरी होती, फूलबागेपासून चालत दहा मिनिटांवर. दुपारी वारा तिकडून आला की तिथल्या प्राणिसंग्रहालयातल्या वाघाची डरकाळी आमच्या खोलीपर्यंत पोहोचे. काका वाचता वाचता थांबत आणि म्हणत, "झाली त्याचीही जेवणाची सुटी." मग पुन्हा कागदाकडे वळत.

संस्थान विलीन होऊन मध्यभारत राज्य झाले होते. वडील दरबारच्या नोकरीत होते. ते गेल्यावर घरात आई, धाकटी बहीण आणि मी अशा तिघीच उरलो. मी कवितेत वाढलेली मुलगी. वृत्ते पाठ होती, अक्षर वळणदार होते आणि नोकरीच्या जगाबद्दल काहीही ठाऊक नव्हते. त्या अक्षराच्या बळावर मला नक्कलनवीस म्हणून तात्पुरती नेमणूक मिळाली. आमच्या मजल्यावर तोवर बाईमाणूस नव्हते. बडे बाबूंनी माझे टेबल दोन कपाटांच्या मध्ये, भिंतीकडे तोंड करून लावून ठेवले होते. पहिल्या दिवशी मी तिथे जाऊन बसले, तशी काका उठले, चपराशाला हाक मारली आणि दोघांनी मिळून ते टेबल ओढत आपल्या खिडकीपाशी आणले. मग ते थोडे फिरवले, मागे जाऊन पाहिले, पुन्हा फिरवले.

"उजव्या हातानं लिहिणाऱ्याला उजेड डावीकडून हवा," ते म्हणाले. "नाहीतर आपल्याच हाताची सावली आपल्याच अक्षरावर पडते. बसा बाई."

आमचे काम असे होते. दख्खनेतून इथे आलेल्या घराण्यांना, देवळांच्या पुजाऱ्यांना, शिलेदारांच्या वंशजांना जमिनी आणि नेमणुका कधीकाळी मिळाल्या होत्या. आता नवे सरकार विचारीत होते, कागद दाखवा. कागद आमच्याकडे होते, पण ते मोडीत होते आणि नव्या सरकारला मोडी वाचता येत नव्हती. प्रत्येक कागदाची देवनागरी नक्कल करून द्यायची होती. काकांना मोडी येत होती, पण त्यांची देवनागरी धिमी आणि थरथरती. मला मोडीचे एक अक्षर येत नव्हते, पण माझा हात भरभर चाले. म्हणून ते वाचीत आणि मी लिही.

मोडीत आधी ओळभर रेघ ओढतात आणि मग तिच्याखाली अक्षरे टांगीत जातात. शब्द कुठे संपला, वाक्य कुठे थांबले, हे कागद सांगत नाही. ते वाचणाऱ्याने ओळखायचे असते. काका चुन्याची पितळी डबी हाताशी ठेवीत आणि वाक्य संपले की ती टेबलावर हलकेच आपटीत. टक. त्या आवाजाशी माझी लेखणी थांबे. पुढे पुढे असे झाले की त्यांचा श्वास वळायच्या आधी मला पूर्णविराम कळू लागला. एखादे वृत्त अंगात भिनते तशी त्यांच्या वाचनाची चाल माझ्या मनगटात उतरली. दिवसाकाठी आमच्या हातून जितकी पाने होत तितकी त्या मजल्यावर कुणाकडून होत नसत.

"लो, भागवत बैठ गई," बडे बाबू पलीकडून म्हणत.

"आरतीपर्यंत थांबा," काका मराठीतच उत्तर देत. "प्रसाद सगळ्यांना आहे."

कधी एखादा कागद उलगडला की ते वाचण्याआधी क्षणभर नुसते पाहत राहत. "हा माझ्या वडिलांचा हात," ते म्हणत. त्यांचे वडील याच दप्तरात लेखक होते. त्या दिवशी वाचन किंचित सावकाश होई आणि डबीचा आवाजही मऊ येई. सगळे रुमाल वाचून होईपर्यंत आपण या खुर्चीत असावे, एवढीच त्यांची इच्छा होती. निवृत्तीला तीन वर्षे होती आणि रुमाल साधारण तेवढेच उरले होते. "मी आणि ते बरोबर संपू," असे ते हसत म्हणत.

एका पावसाळी सकाळी, खोलीत दोघेच असताना, त्यांनी कागद खाली ठेवला.

"पोरी, उजव्या डोळ्यात धुकं आलंय. वैद्य म्हणतात, मोतीबिंदू. डाव्यानं भागतंय, खिडकी आहे तोवर. कुणाला बोलू नकोस."

"नाही बोलणार, काका," मी म्हणाले.

मग नकाशे पुन्हा बदलले. मध्यभारत मोडून मोठे मध्यप्रदेश राज्य झाले. आमची राजधानी भोपाळला गेली. महिनाभर जिन्यांवरून कपाटे उतरत होती. कोण भोपाळला जाणार, कोण इथेच राहणार, कोण नव्या यादीत बसणारच नाही, याशिवाय पाण्याच्या माठापाशी दुसरे बोलणे नव्हते. चार ठिकाणचे कारकून एका यादीत आणायचे होते. जागा माणसांपेक्षा कमी होत्या.

नवे साहेब महाकोशलाकडून आले. त्यांच्याविषयी वाईट लिहावे असे माझ्याकडे काही नाही. ते वेळेवर येत, कुणावर आवाज चढवीत नसत, मला 'आप' म्हणत आणि माझ्यासाठी वेगळी पाण्याची सोय त्यांनीच करवून घेतली. कचेरी नीट चालावी असे त्यांना मनापासून वाटत होते. त्यांनी मधल्या भिंतीतली दारे उघडून सगळ्यांना एका लांब दालनात आणले. टेबले शाळेतल्यासारखी रांगेत लागली. भिंतीवर पाटी आली, 'कृपया शांति बनाए रखें.' आणि प्रत्येकाच्या टेबलावर एक छापील तक्ता आला. त्यात नाव लिहायचे आणि समोर त्या दिवशी पूर्ण केलेली पाने.

रांगा सेवाज्येष्ठतेने लागल्या. काकांना मान म्हणून मागची, साहेबांच्या खोलीजवळची जागा मिळाली. तिथे जिन्याची भिंत होती आणि खिडकी नव्हती. मी तात्पुरती, म्हणून अगदी पुढे, दाराशी. आमच्यामध्ये सात टेबले आणि ती पाटी.

पहिल्या आठवड्यात काकांनी स्वतः वाचून स्वतः लिहून पाहिले. मी वळून पाही तेव्हा त्यांचे नाक कागदाला टेकलेले असे. दिवसाअखेर एखादे पान होई, तेही खाडाखोडीचे. मी तर काहीच करू शकत नव्हते. माझ्यापुढचे मोडी कागद मला मुके होते. मग काकांनीच वाट काढली. जेवणाच्या सुटीत ते रुमालातले कागद घेऊन मागच्या व्हरांड्यात येत, माठांच्या शेजारी. तिथे भरपूर उजेड होता. ते वाचीत, मी गुडघ्यावर फळी ठेवून पेन्सिलीने उतरवून घेई आणि दुपारभर जागेवर बसून ते शाईने उतरवी. डबा त्यांचा तसाच परत जाई. माझाही.

"काका की कथा अब यहाँ," माठ भरणारा चपराशी म्हणे आणि आमच्यासाठी ओलावा नसलेला कोपरा झाडून देई.

संध्याकाळी तक्ता भरायची वेळ आली. व्हरांड्यात केलेली पाने कुणाची लिहायची, हे मी काकांना विचारले.

"तुझ्या नावावर लिही. अक्षर तुझं आहे."

"पण वाचलं तुम्ही."

"वाचण्याचा रकाना आहे का त्यात?"

नव्हता. मी माझ्या नावासमोर आकडा लिहिला. पहिल्या दिवशी लेखणी जड झाली होती. दुसऱ्या दिवशी कमी. महिन्याभराने मी तो आकडा लिहिताना घरी न्यायच्या भाजीचा विचार करीत होते. आमच्या जुन्या खोलीत कोण काय करते हे सगळ्यांना ठाऊक असे, ते लिहून ठेवावे लागत नसे. मी अजून त्याच समजुतीत होते. किंवा त्या समजुतीत राहणे मला सोयीचे होते. आज इतक्या वर्षांनी मी या दोहोंत निवड करू शकत नाही.

सहा महिन्यांनी साहेबांनी मला खोलीत बोलावले. टेबलावर सगळे तक्ते एकावर एक रचलेले होते. त्यांनी मला बसायला सांगितले. माझे काम मजल्यावर सर्वांत जास्त होते, असे ते म्हणाले, आणि माझे नाव कायम करण्यासाठी ते भोपाळला शिफारस करीत होते. मग त्यांनी दुसरी चळत पुढे ओढली.

"इनका काम न के बराबर है," ते काकांचे तक्ते चाळीत म्हणाले. "आप तो इनके साथ बैठती थीं. बताइए, क्या वजह है?"

बाहेर कुणाचा तरी टाइपरायटर चालला होता. पंख्याखाली कागदांचे कोपरे उठत होते आणि बसत होते. मला सांगायला एक वाक्य पुरले असते. ती पाने त्यांची आहेत, मी फक्त ऐकून लिहिली. पण ते वाक्य उच्चारले असते तर माझ्या नावासमोरचे आकडे कुणाचे, हा प्रश्न पुढे आला असता. माझ्या डोळ्यांपुढे आई आली. आईच्या हातातली बहिणीच्या शाळेची पिशवी आली. आणि मी दुसरेच एक खरे बोलले.

"सर, उनकी आँखें ठीक नहीं हैं. मोतियाबिंद है."

माझा आवाज कळवळ्याचा होता. मी त्यांची बाजू मांडते आहे, असे मला त्या क्षणी खरोखर वाटले. साहेबांनीही मान हलवली, सहानुभूतीने, आणि समासात पेन्सिलीने काहीतरी लिहिले.

हुकूम भोपाळहून आला. त्याच्या नकला करण्याचे काम माझेच होते. 'दृष्टिदोषामुळे नियत कामास असमर्थ' असा त्यातल्या हिंदी वाक्याचा अर्थ होता. त्यांना मुदतीआधी निवृत्त केले होते. मी ते वाक्य माझ्या सर्वांत चांगल्या अक्षरात उतरवले. अक्षर बिघडवले असते तर त्याने काय झाले असते, पण तेवढेही मला सुचले नाही.

काका आपली प्रत घेऊन माझ्या टेबलापाशी आले, कारण दाराशी उजेड होता. कागद डाव्या डोळ्याजवळ धरून त्यांनी तो पुरता वाचला. दृष्टीच्या त्या शब्दावर ते थांबले. हे गुपित त्या कचेरीत एकाच माणसाला ठाऊक होते. मी मान खाली घालून बसले होते आणि त्यांच्या धोतराच्या काठावर माठाच्या पाण्याचा एक ओला डाग पडलेला मला दिसत होता. त्यांनी घडी घातली, कोटाच्या खिशात ठेवली, आणि "येतो बाई" असे सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या साध्या आवाजात म्हणून ते गेले. व्हरांड्यात ते मला 'पोरी' म्हणत. दालनात 'बाई'. आम्ही त्या वेळी दालनात होतो, म्हणून ते बाई म्हणाले असतील, असे मी मनाला सांगत राहिले.

त्यानंतर माझा तक्ता रिकामा राहू लागला.

पहिल्या आठवड्यात पेन्सिलीने उतरवलेली जुनी पाने होती, ती शाईने पुरी केली. पुढे काहीच नव्हते. रुमाल सोडावा, गंध यावा, वाळू पडावी आणि मग शांतता. रेघेखाली टांगलेली ती अक्षरे माझ्याकडे पाहत राहत. बडे बाबूंनी एकदा येऊन माझा कोरा तक्ता पाहिला.

"भागवत बंद हो गई?" ते म्हणाले. या वेळी कुणी हसले नाही, तेही नाही.

महिनाअखेर साहेबांनी पुन्हा बोलावले. या वेळी त्यांच्यापुढे माझीच चळत होती.

मी सांगितले. कोण वाचीत होते, कोण लिहीत होते, व्हरांडा, डबे, पाटी, जिन्याची भिंत, सगळे. सांगताना मला रडू आले नाही. त्याची मला अजून लाज वाटते. साहेब ऐकत होते. त्यांनी ते जुने तक्ते पुन्हा काढले आणि माझ्या आकड्यांवरून बराच वेळ बोट फिरवले.

"यह बात काग़ज़ पर कहाँ है?" त्यांनी विचारले.

"कहीं नहीं है, सर."

"मैंने आपसे पूछा था."

"जी."

ते रागावले नाहीत. त्यांनी भोपाळला पत्र लिहिले, मीच त्याची नक्कल केली. उत्तर आले की हुकूम अमलात आलेला आहे आणि ती जागा आता मंजूर यादीत नाही. साहेबांनी मला टेबले हलवायची का, असे विचारले. आणि दोन दिवसांनी खरोखर एक टेबल खिडकीपाशी लागले. पाटीही उतरली. पण तोवर तिथे मोठ्याने वाचणारे कुणी नव्हते.

एका पुजाऱ्याचा अर्ज अडला होता. गरीब म्हातारा माणूस, रोज येऊन बाकावर बसे. त्याच्या देवळाचा कागद आमच्याकडे होता आणि मला तो वाचता येत नव्हता. साहेबांनी स्वतःच्या सहीने तो एक कागद काकांच्या घरी नेण्याची परवानगी दिली आणि म्हणाले, त्यांना माझा नमस्कार सांगा.

काकांचे घर दाल बाजाराच्या मागच्या गल्लीत होते. डाळीच्या पोत्यांचा, भरड्याचा, तागाचा वास त्या गल्लीत दिवसभर कोंदून असे. काकूंनी दार उघडले. मला त्या ओळखत होत्या. एकदा संक्रांतीला मी तिळगूळ द्यायला आले होते.

"आज कशी वाट चुकली ऑफिसची?" त्या म्हणाल्या, आणि उत्तराची वाट न पाहता आत वळल्या. "बसल्येत बघा. त्यांना काय, खिडकी आणि ते."

काका एकुलत्या एका खिडकीपाशी, लाकडी स्टुलावर बसलेले होते. पापण्यांच्या कडा लाल होत्या. माझ्या चपलांच्या आवाजावरून त्यांनी मला ओळखले असावे, कारण मी काही बोलायच्या आधीच त्यांनी जमिनीवरची चटई पायाने माझ्याकडे सरकवली. मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो आधी नाकाशी नेला, मग घडीवरून अंगठा फिरवला. वाळूचे दोन कण खाली पडले. साहेबांचा नमस्कार मी सांगितला. त्यांनी मान हलवली.

मी कोरा कागद गुडघ्यावरच्या फळीवर ठेवला आणि लेखणी काढली. पण वाचन सुरू व्हायच्या आत बोलायचे, असे मी गल्लीच्या तोंडापासून ठरवून आले होते. एकदा आवाज सुरू झाला की माझा हात चालू लागेल आणि मी पुन्हा गप्प बसेन, हे मला माहीत होते.

"काका, तुमच्या डोळ्यांचं साहेबांना मी सांगितलं. त्यांनी कामाचं विचारलं होतं. पानं तुमची होती, ते मी सांगितलं नाही."

स्वयंपाकघरात भांडे ठेवल्याचा आवाज झाला आणि मग तिकडेही काही हालेना. काकांनी कागद मांडीवर उतरवला. ते माझ्या चेहऱ्याकडे पाहत नव्हते. त्या डोळ्यांना तो दिसलाही नसता. त्यांची नजर खाली, माझ्या फळीवरच्या पांढऱ्या कागदावर होती. मी घाईत चटईवर जशी बसले होते तशीच होते, खिडकी माझ्या उजव्या अंगाला, आणि माझ्या हाताची काळी सावली कोऱ्या पानाच्या मधोमध पडली होती. तेवढे त्यांना दिसत असावे.

गल्लीतून हातगाडी गेली, तिची चाके दगडांवर वाजत दूर झाली. मी रडावे की उठावे, हे मला कळत नव्हते. तेव्हा काका भिंतीचा आधार घेत उठले. स्वतःचा स्टूल त्यांनी खिडकीपासून मागे ओढला, अंधाऱ्या बाजूला, आणि रिकाम्या झालेल्या जागेकडे हात करून म्हणाले,

"डावीकडून."